गिरणी कामगाराचं घर ही खैरात नाही

"घर मिळतंय ना? मग वांगणी काय नि वरळी काय!" बंद गिरण्यांच्या कामगारांना मुंबईबाहेर, कर्जत मार्गावरच्या शेलू-वांगणीला घरं द्यायच्या योजनेवरून हे वाक्य गेल्या वर्षभरात इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर लिहूनच टाकतो. बोलणारे परके असते तर सोडून दिलं असतं. पण त्यात आमच्याच चाळीत वाढलेली, आता ठाण्या-डोंबिवलीत स्थिरावलेली पोरंही आहेत. लांबण लागणार आहे, सवडीने वाचा.

मुद्दा साधा आहे. गिरणी कामगाराला मिळणारं घर हे सरकारने केलेलं दान नाही, थकलेली देणी आहेत. आणि देणी चुकवणाऱ्याला 'कुठे देऊ' हे एकट्याने ठरवता येत नाही.

कावसजी दावरांची ताडदेवची गिरणी सुरू झाली १८५६ साली. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत भायखळा, लालबाग, परळ, वरळी, शिवडी या पट्ट्यात भोंग्यावर चालणारं शहर उभं राहिलं. कोकणातून, घाटावरून माणसं आली ती बहुतेक एकटी. एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीप्रमाणे झोपणारे. एक कामावर गेला की त्याच्या वळकटीच्या जागी दुसऱ्याची वळकटी. जेवण खानावळवालीकडे. मालकांनी कापड विकून पैसा केला, पण कामगारांच्या डोक्यावरच्या छपराचा खर्च बहुतांशी कामगारांनीच भागवला, आपली झोप कमी करून.

१८९६ ला प्लेग आला तेव्हा राज्यकर्त्यांना या खोल्या दिसल्या. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्याच्या बीआयटी चाळी झाल्या. मग १९२० च्या दशकात बीडीडी, म्हणजे सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या चाळी: वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती, प्रत्येकीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. आज आपण बीडीडीबद्दल हळवे होतो. पण सुरुवातीला वरळीतल्या कितीतरी खोल्या रिकाम्या पडून होत्या. भाडं परवडत नव्हतं आणि तेव्हाची वरळी गिरण्यांपासून, बाजारापासून आडबाजूला होती. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने तिथल्या इमारतींचा तुरुंग म्हणून वापर केला! कामगाराला न विचारता, कामगार नाही तिथे घरं बांधली की काय होतं, याचा धडा शंभर वर्षांपूर्वीच याच शहराने गिरवलाय.

आता थोडं कडू बोलतो. गिरणगाव म्हटलं की आपण भजनं, कबड्डी, दहीहंडी, शाहिरांचे डफ यांतच रमतो. पण तिथे सगळ्यांना सारखी जागा नव्हती. खोली गावकी-भावकी बघून मिळायची. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, दलित कामगाराला घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे. पगार जास्त होता तो त्याच खात्यात. बाबासाहेब १९१२ ते १९३४ परळच्या बीआयटी चाळीत राहिले, तेव्हा हे सगळं त्यांच्या दारातच चाललेलं होतं. आणि आज? गिरण्यांच्याच जमिनींवरच्या टॉवरात घर भाड्याने बघायला जा, दलाल आधी आडनाव विचारतो, मग मासळी खाता का ते विचारतो. खासगी मालकाने जात, धर्म किंवा ताट बघून घर नाकारलं तर त्याला थेट अडवेल असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात सभासदत्व एकाच समाजापुरतं ठेवणारा पोटनियमही ग्राह्य धरला. म्हणून मला म्हाडाची सोडत, तिच्या सगळ्या दोषांसकट, मोलाची वाटते. निदान तिथे दलालाच्या नाकाला विचारावं लागत नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. त्यावर पुष्कळ लिहून झालंय, संपाचे नेते दत्ता सामंत यांच्या बाजूने आणि विरोधात भांडून झालंय. मला त्यानंतरच्या, गिरण्या बंद पडत गेल्यावरच्या, जमिनीच्या गोष्टीत जास्त रस आहे, कारण खरा खेळ तिथे झाला.

मुंबईत गिरण्यांची जमीन जवळपास ६०० एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. मालकाला जमीन विकसित करायची तर तिचे तीन वाटे: एक महापालिकेला मैदाना-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. बहुतेक मालकांनी हे टाळत दहा वर्षं काढली. मग २००१ मध्ये नियमात बदल झाला, वाटे करायचे ते फक्त मोकळ्या जमिनीचे. गिरणीच्या शेडखालची जमीन हिशेबातून गेली. गंमत बघा, म्हाडाच्या वाट्यातली निम्मी घरं गिरणी कामगारांना, ही तरतूद आली तीही याच बदलात. आधी भांडं रिकामं केलं, मग त्यातलं अर्धं तुमचं म्हणून सांगितलं. पर्यावरणवाद्यांनी याचिका केली, उच्च न्यायालयात २००५ मध्ये ते जिंकले. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला.

जमिनीची किंमत किती होती? राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने २००५ मध्ये लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना विकली. २०१२ मध्ये तीच जमीन सुमारे २,७०० कोटींना पुन्हा विकली गेली. मधल्या सात वर्षांत तिथे कुणी साचा चालवला नव्हता. हा फरक कुणाच्या घामाचा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

कामगारांच्या बाजूचा हिशेब असा. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेला कामगार किंवा त्याचा वारस पात्र. अर्ज आले पावणेदोन लाखांच्या आसपास. २०१२ पासून २०२० पर्यंतच्या सोडतींत घरं निघाली १५,८७०, त्यातलीही काही पनवेलजवळच्या कोनला. मुंबईतली घरं २२५ चौरस फुटांची, किंमत आधी साडेसात, नंतर साडेनऊ लाख. म्हणजे 'फुकट' म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं.

उरलेल्यांसाठी आता शेलू आणि वांगणी. बदलापूरच्या पुढे, कर्जत मार्गावर, ८१ हजार घरांची योजना. जो जायला तयार नसेल त्याचा हक्कच संपेल अशी अट शासन निर्णयात घातली, आणि जुलै २०२५ मध्ये कामगार आझाद मैदानात उतरले ते मुख्यतः त्यामुळे. आमच्या वडिलांच्या खात्यातले जे हयात आहेत ते सत्तरी ओलांडलेले आहेत. त्यांचं केईएम रुग्णालय इथे आहे, मुलांची कामं इथे आहेत. ज्याला खरोखर शेलूला जायचंय त्याने जावं, कुणाची ना नाही. पण निवड न देता दिलेल्या घराला पर्याय म्हणत नाहीत.

"मिळालेली घरं विकतातच की!" हा हुकमी सवाल. हो, काही विकतात. टॉवरचा मेंटेनन्स पेन्शनमधून भरता येत नाही, पोरांचं कर्ज असतं, दोन भावांत वारसाचा वाद असतो. मालकाने गिरणीची जमीन विकली तर ती 'व्यवहारी बुद्धी' आणि कामगाराने २२५ फूट विकले तर ती 'लायकी नाही', हे गणित मला जमत नाही. विक्री थांबवायची असेल तर पहिल्या काही वर्षांच्या देखभालीचा भार म्हाडाने उचलावा.

आणि मुंबईत जागाच नाही हेही खरं नाही. महामंडळाच्या काही गिरण्यांची जमीन अजून विकली गेलेली नाही. सरकारने आधी तिचा एकर-एकराचा हिशेब जाहीर करावा, म्हाडाच्या वाट्याला प्रत्यक्षात किती आली आणि किती अजून यायची आहे ते गिरणीवार सांगावं. तो तक्ता समोर आल्यावर वांगणीबद्दल बोलू.