टी ट्री ऑइलने हनुवटी सोलली, या रिव्ह्यूवर आमचं उत्तर

ताई, तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. एक स्टार दिलात त्याचा राग नाही, हनुवटीवर फोड घेऊन पाच स्टार कोण देईल. तुमचं म्हणणं असं की गेल्या वर्षी हीच बाटली पिंपलवर लावली तेव्हा काही झालं नाही, आता तीच परत काढून वाटीभर पाण्यात दोन थेंब टाकून कापसाने लावलं तर लगेच आग आग, आणि दुसऱ्या दिवशी खाज, लाली, बारीक पाण्याचे फोड, म्हणजे तेल भेसळीचं आहे, नॅचरल म्हणून केमिकल विकता, तर नवीन बाटली पाठवा.

भेसळीचं आधी बोलते. बाटली तीच, गेल्या वर्षी चालली, मग भेसळ मधेच आली कुठून? आली ती हवेतून. हे तेल उघडलं की हवा, उजेड आणि उष्णतेने हळूहळू ऑक्सिडाइज होतं, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनने बिघडतं, त्यात पेरॉक्साइड वगैरे पदार्थ तयार होतात आणि ॲलर्जीला ताज्या तेलापेक्षा हेच जास्त कारण ठरतात. तुमच्याच फोटोत बाटली बाथरूमच्या खिडकीत आहे, झाकणही नीट लागलेलं दिसत नाही. गडद काचेची बाटली, घट्ट झाकण, थंड अंधारी जागा, एवढं तरी लागतंच, आणि उघडून वर्ष झालं की त्वचेला लावूच नका.

दुसरं पाण्याचं. तुम्ही पातळ केलं असं तुम्हाला वाटलं, पण तेल पाण्यात मिसळत नाही हो, ते वर तरंगतं, कापसाने नेमके तेच दोन थेंब उचलले आणि चेहऱ्यावर गेलं ते जवळपास निव्वळ तेल. पातळ करायचं तर बदाम किंवा जोजोबासारख्या साध्या तेलात, १० मिलीला साधारण १० थेंब, म्हणजे ५ टक्क्यांच्या आसपास. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात पिंपलवर जो अभ्यास झाला (हे झाड तिथलंच) त्यात १२४ जण होते आणि जेल होतं ५ टक्क्यांचं. बाटलीतलं तेल त्याच्या वीसपट तीव्र आहे. चेहऱ्याला मी तर त्याहूनही कमीच घेते, आणि आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट बघते, कारण ॲलर्जी उशिरा उठते.

आता आमची चूक. लेबलवर नॅचरल हा शब्द एवढा मोठा, आणि डायल्यूट करा हे मागे मुंगीच्या अक्षरात, तेही कशात करायचं ते लिहिलेलंच नाही, उघडल्यावर किती दिवस वापरायचं तेही नाही. नॅचरल वाचून माणूस बिनधास्त होतो, यात तुमचा दोष नाही. नवीन लेबलवर या तिन्ही गोष्टी समोरच येतील आणि नॅचरल हा शब्द मी काढून टाकतेय.

नवीन बाटली मात्र पाठवणार नाही, त्याचं कारण सांगते. तुम्हाला फक्त जळजळ झाली असती तर पाठवली असती, पण दुसऱ्या दिवशी खाज आणि फोड म्हणजे ॲलर्जी असू शकते, आणि ती एकदा झाली की ताजं तेल, पातळ केलेलं तेल, कशानेही परत उठू शकते. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, ते पॅच टेस्ट (त्वचेवर पट्टी लावून ॲलर्जी तपासणं) करून नक्की सांगतील, तोवर फेसवॉश-शाम्पूच्या लेबलवर मेलाल्युका अल्टर्निफोलिया (टी ट्रीचंच शास्त्रीय नाव) दिसलं तर तेही बाजूला ठेवा. फोडांवर दुसरं कुठलंही तेल नको.

आणि ती बाटली घरात कोणाला देऊ नका, लहान मुलांच्या हाती तर नकोच, पोटात गेलं तर हे तेल विषारी आहे, मांजर-कुत्र्यांनाही. ऑर्डर नंबर मेसेज करा, पूर्ण पैसे परत देते, बाटली परत पाठवायची गरज नाही.