कंपनी फिटिंग इंजिन

जुन्या बुलेटच्या इंजिनात आत नेमकं काय झिजलंय हे ओळखायचं असेल तर एक लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. डोळे मिटणं फार महत्त्वाचं, त्याशिवाय आजूबाजूच्यांना तुमचं निदान पटत नाही.

आमच्या बाबांची बुलेट म्हणजे जुनी कास्ट आयर्नची साडेतीनशे, मद्रासची, गियर उजव्या पायात. ती ठकठक करायला लागली आणि पार्किंगमध्ये ज्याला म्हणून कान आहेत तो येऊन ऐकून गेला. तळमजल्यावरचे काका म्हणाले टॅपेट. दूधवाला म्हणाला पिस्टन. आयुष्यभर फक्त लुना चालवलेले एक गृहस्थ "क्रँक गेला" म्हणाले आणि मान खाली घालून निघून गेले.

आता तसं शास्त्र सोपं आहे. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व उघडणाऱ्या भागाचा, आवाज वरून येतो, बारीक टिकटिक. पिस्टन सैल असेल तर तो थंड इंजिनात वाजतो आणि तापला की फुगून बोअर, म्हणजे तो ज्यात वर-खाली फिरतो ते भोक, भरून काढतो म्हणून गप्प बसतो. बिग एंड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचा क्रँकवरचा सांधा, गेला असेल तर उलट, गाडी तापली की खालून जड ठकठक, जास्त करून अॅक्सिलेटर सोडताना. आमची गाडी तिन्ही करत होती, तेही आळीपाळीने, म्हणजे मेकॅनिकपुढे उभी केली की एकही नाही.

मग धुराची परीक्षा. रेस दिल्यावर सारखा निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, आणि उतारावर अॅक्सिलेटर सोडून खाली आल्यावर पुन्हा रेस देताना एकदम भपका आला तर व्हॉल्व ज्यात सरकतात ते गाइड. म्हणून कात्रजचा घाट उतरलो, मागे धाकट्या भावाला स्कूटरवर ठेवला, धूर नीट बघायला. खाली आल्यावर विचारलं काय दिसलं, तर म्हणाला, "दादा, धुरामुळे काही दिसलंच नाही."

शेवटी इंजिन उतरवलं. तेल काढलं तर त्यात चकचकीत चुरा. उस्तादने लोहचुंबक फिरवलं, काही कण चिकटले, म्हणजे कुठलंतरी स्टील, पांढरट चिकटेनात म्हणजे पिस्टनचं अॅल्युमिनियम, आणि थोडं पिवळं होतं ते बघून तो नुसता "हं" म्हणाला. मेकॅनिकच्या "हं"चा दर वेगळा असतो. हेड काढल्यावर त्याने माझं बोट धरून ब्लॉकच्या आत वरच्या कडेला नख फिरवायला लावलं. नख अडकलं. म्हणजे रिंगा जिथपर्यंत फिरतात तिथपर्यंत लोखंड झिजून वर चक्क पायरी तयार झालेली.

पण खरा घोळ पुढेच. पिस्टनवरचा कार्बन खरवडला तर खाली कोरलेलं, ०४०. मूळ बोअर ७० मिलिमीटर, आणि ०४० म्हणजे इंचाचे चाळीस सहस्रांश, त्यावर जवळजवळ एक मिलिमीटर वाढवलेला! आणि आमचे बाबा मी शाळेत होतो तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आलेत की इंजिन कंपनी फिटिंग आहे, अजून पाना लागलेला नाही. मी पिस्टन त्यांच्यासमोर नेऊन ठेवला. चष्मा लावून शांतपणे बघितला आणि म्हणाले, "अरे, हे ब्लॉकचं काम आहे. इंजिनला कुठे हात लावला?"

यावर मी काय बोलणार. खाली गेलो तर उस्ताद कनेक्टिंग रॉड हलवत बसलेला. बाजूला हलला तर चालतो, तेवढा लागतोच, पण वर-खाली अजिबात हलता कामा नये. आमचा वर-खाली टक्‌ करून बोलला. म्हणजे लुनावाले गृहस्थ बरोबर होते, आणि ही गोष्ट त्यांना कळता कामा नये हे मी तिथेच ठरवलं. या बुलेटच्या बिग एंडला रोलर नसतात, भोकाभोकांचा एक फिरता बुश असतो, तो सगळा तेलाच्या जिवावर. ते तेल टायमिंग कव्हरमधून एका बुचाच्या सीलमधून क्रँकमध्ये शिरतं, आणि सील नीट दाबलं गेलं नाही तर वाटेतच सुटतं.

"दाबलं कसं जाईल," उस्ताद म्हणाला, "पॅकिंग बघा केवढं जाड घातलंय." कव्हरला चिकटलेलं ते पॅकिंग त्याने ब्लेडने अलगद सोडवलं. कात्रीने कापून घरी बनवलेलं, गुळगुळीत पुठ्ठा, कडेला पिवळट सोनेरी नक्षी, आणि तेलाने काळ्या पडलेल्या भागात स्पष्ट वाचता येत होतं, "सहकुटुंब सहपरिवार". उलट्या बाजूला गणपतीचा अर्धा कान.

मी ते तसंच वर्तमानपत्रावर घेऊन वर गेलो, बाबांना दाखवावं म्हणून, पण दारात आईच भेटली. तिने ते हातात घेतलं, नक्षी ओळखली, नाकाजवळ नेऊन पुन्हा खाली धरलं आणि आत वळून म्हणाली, "अहो, माझ्या नागपूरच्या मावशीला लग्नाची पत्रिका पोस्टात टाकली होती म्हणालात ना?"