कॉस्मेटिक शिकायचं ते आपल्याच ओपीडीत

एमडीला स्किनची सीट मिळाली म्हटल्यावर निम्म्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न, "मग आता बोटॉक्स करणार का?" त्यांना कोण सांगणार, की एमडी डीव्हीएलमध्ये त्वचारोगांबरोबर गुप्तरोग आणि कुष्ठरोगही येतात, आणि सरकारी कॉलेजच्या ओपीडीत सकाळपासून रांग लागते ती नायट्याची आणि खरजेची. वॉर्डात पेम्फिगसचा (अंगभर फोड येऊन कातडी सोलवटते तो आजार) पेशंट असला की ड्रेसिंगमध्येच दिवस जातो. हे सगळं आम्हाला नीट शिकवलं जातं, त्याबद्दल तक्रार नाही.

पण एमडीचं थर्ड इयर लागलं की पोटात गोळा येतो. बाहेर पेशंट विचारणार लेसर, पील (रसायनाने वरची कातडी सोलणं), पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन), आणि फिलरची, म्हणजे चेहऱ्यावरचे खळगे भरायच्या जेलची, सिरिंज तर कधी हातात धरलेली नसते. मग शनिवार-रविवारचा वर्कशॉप. हॉटेलचा हॉल, पुढे खुर्चीत एक मॉडेल, मागे मोबाइल उंच धरलेले चाळीसेक डॉक्टर, आणि संध्याकाळी झगमगीत सर्टिफिकेट. फी भरताना स्टायपेंडचं कंबरडं मोडतं ते वेगळंच. २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने स्पष्ट सांगितलंय की वर्कशॉपमध्ये किंवा यूट्यूबवर बघणं म्हणजे एस्थेटिक (सौंदर्यासाठीच्या) प्रोसीजर सुरू करण्यापुरतं ट्रेनिंग नव्हे. वाचलंय सगळ्यांनी. पैसे भरणं काही थांबलेलं नाही.

माझा राग वर्कशॉपवर नाही. तिथे पेशंट पुन्हा भेटत नाही, हे खरं दुखणं. बोटॉक्सचा पूर्ण परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात. भुवई खाली आली की नाही ते तेव्हा कळतं, आणि तोवर आपण आपल्या गावी. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी पांढरी पडते, त्या क्षणी हायलुरोनिडेज (हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर विरघळवणारं एन्झाइम) हाताशी हवं. ते कुठल्या कपाटात आहे हे स्लाइडवर नसतं. आणि लेसर कंपनीच्या माणसाला मशिनची सेटिंग तोंडपाठ असतात, पण आपल्याकडच्या सावळ्या त्वचेत मेलॅनिनच ऊर्जा शोषून घेतं, जरा जास्त झालं की महिनोन् महिने काळे डाग. ते डाग घेऊन बाई येते आपल्याच ओपीडीत.

खरं तर सुरुवातीला महागडं मशिन लागतच नाही. मुरुमांचे खोल, टोचल्यासारखे खड्डे भरायला टीसीए क्रॉस करतात, म्हणजे खड्ड्यात टीसीए हे तीव्र ॲसिड टेकवतात. टीसीएची छोटी बाटली आणि टोकदार टूथपिक, एवढंच सामान. टूथपिक बुडवायची, जास्तीचा थेंब बाटलीच्या काठाला पुसायचा, खड्ड्याच्या तळाशी टेकवायची. काही सेकंदांत तो बिंदू पांढरा होतो. तो थेंब पुसायचा राहिला तर आजूबाजूची चांगली कातडी भाजते. आमच्या मॅडमनी पहिल्यांदा टूथपिक हातात दिली तेव्हा म्हणाल्या, "अगं, श्वास घे आधी." मग पेशंटला सहा आठवड्यांनी बोलावलं, फोटोशेजारी फोटो लावला. मी त्या दोन फोटोंत जेवढं शिकले तेवढं कुठल्याच हॉलमध्ये शिकले नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: सरकारी दवाखान्यात गरिबांसाठी सौंदर्याचे लाड कशाला? अहो, मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉइडचं क्रीम गोरं व्हायला वर्षभर चोळून चेहरा लालबुंद झालेली मुलगी कोण श्रीमंत घरची असते? हनुवटीवर केस येतात म्हणून कॉलेजला स्कार्फ बांधून जाणारी? कोडाच्या डागावर ग्राफ्टिंग झालं तर लग्नाची बोलणी पुढे सरकतात, हे रोज बघतो आपण. लाड कसले! दुसरा आक्षेप मात्र मला पटतो: गरीब पेशंट म्हणजे रेसिडेंटचा (एमडी शिकणाऱ्या डॉक्टरचा) हात बसवायचं साधन नव्हे. म्हणूनच सीनियर शेजारी उभा हवा, मराठीत समजावून घेतलेली संमती हवी, आणि बिघडलं तर निस्तरायची जबाबदारी डिपार्टमेंटची हवी. खाजगीत पहिल्यांदाच एकट्याने सुई धरण्यापेक्षा हे पेशंटच्याही फायद्याचं.

ज्युनियर्सना एवढंच सांगेन, आधी डर्मॅटोसर्जरीच्या, म्हणजे त्वचेच्या छोट्या शस्त्रक्रियांच्या, टेबलावर तळ ठोका. कॉटरी (उष्णतेने जाळणं), पंच ग्राफ्ट (कातडीचा छोटा गोल तुकडा दुसरीकडे बसवणं), नखाची बायोप्सी, जे मिळेल ते. हात तिथेच स्थिर होतो. फेलोशिप एमडीनंतर करता येते. आणि एचओडींना, म्हणजे विभागप्रमुखांना, विनंती: आठवड्यातली एक दुपार प्रोसीजरसाठी राखून ठेवा, लॉगबुकात 'पाहिलं' आणि 'स्वतः केलं' हे रकाने वेगळे ठेवा, आणि फॉलोअपच्या फोटोशिवाय सही करू नका. लेसरच्या दुरुस्तीची फाइल कुठल्या टेबलावर अडकलीय ते आम्ही शोधून काढतो.