भिंत बांधा, पण तिचा हिशेबही मांडा

मिठी नदीच्या संरक्षक भिंती, भरती अडवणारे दरवाजे, पंपिंग स्टेशनं असा विषय निघाला की आमच्या कुर्ल्याच्या मित्रमंडळींत वाद ठरलेला. एक बाजू म्हणते, खारफुटी वाचवायच्या नादात माणसं बुडवायची का? दुसरी म्हणते, सिमेंट ओतून नदी मारली. गेली अनेक वर्षं मी अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सला चिकटून असलेल्या मेटरीत राहतो. पॉन्चट्रेन तलावाचा तटबंध घरापासून चालत जाण्याइतका जवळ आहे. अगदी हाच वाद या तलावाकाठी साठ वर्षं चालला आहे, आणि त्यातून जे निघालं ते मुंबईच्या कामाचं आहे, असं मला मनापासून वाटतं.

२००५ हे साल दोन्ही शहरांच्या जिव्हारी लागलेलं. २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी घराघरांत शिरली. जेमतेम महिन्याभराने, २९ ऑगस्टला, कतरिना वादळ इथे धडकलं आणि न्यू ऑर्लिन्सचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला.

इथलं पाणी कुठून आलं ते समजून घ्यायला हवं. पॉन्चट्रेन सुमारे १,६०० चौरस किलोमीटर पसरलेला आहे, पण त्याची सरासरी खोली जेमतेम चार मीटर. समुद्राशी जोडलेला, निमखारा. वादळात त्याचं परातीतल्या पाण्यासारखं होतं: वारा उत्तरेकडून फिरला की सगळं पाणी दक्षिण काठावर, म्हणजे शहराच्या अंगावर कलतं. शहराचा मोठा भाग तलावाच्या पातळीखाली. त्यामुळे पावसाचं पाणी पंपांनी उचलून कालव्यांत टाकायचं आणि कालव्यांनी ते तलावात न्यायचं, ही रोजची व्यवस्था. कतरिनात तलाव याच कालव्यांतून उलटा आत आला. सतराव्या रस्त्याचा कालवा आणि लंडन अव्हेन्यूचा कालवा, दोन्हींच्या भिंती पाणी माथ्यावरून जाण्याआधीच पायापासून ढकलल्या गेल्या. त्यांचं आरेखनच सदोष होतं.

तरीही दोष देताना काही जणांनी बोट दाखवलं ते पर्यावरणवाद्यांकडे. १९६५ च्या बेट्सी वादळानंतर अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने, ज्याला इथे सगळे कोअर म्हणतात, तलावाच्या तोंडाशीच मोठे दरवाजे बसवायची योजना आखली होती. तलाव आणि समुद्र यांच्यातली देवघेव त्यामुळे किती आखडेल, मासे आणि कोळंबीच्या ये-जा करण्याचं काय होईल, याचा अभ्यास अपुरा आहे, असं म्हणत पर्यावरण संघटना कोर्टात गेली. १९७७ मध्ये संघीय न्यायालयाने अभ्यास नीट होईपर्यंत काम थांबवलं. पुढे कोअरने ती योजना सोडली आणि काठावरचे तटबंध उंच करण्याचा मार्ग धरला. कतरिनानंतर म्हणूनच बोललं गेलं, की तो दावा नसता तर शहर वाचलं असतं.

अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने सप्टेंबर २००५ मध्येच संसदेपुढे जी साक्ष दिली, त्यात कोअरच्याच अभियंत्यांचं मत वेगळं होतं. दरवाज्यांच्या योजनेत शहराकडचे तटबंध कमी उंचीचे धरले होते. कतरिनाची लाट दरवाज्यांवरूनही आली असती आणि पूर आणखी वाढला असता. मुंबईत दर पावसाळ्यात खारफुटी राखणाऱ्यांना शहराचे वैरी ठरवलं जातं, तेव्हा मला ही साक्ष आठवते. कोर्टाने फक्त नीट अभ्यास मागितला होता. शहर बुडालं ते मुख्यतः कालव्यांच्या कच्च्या भिंतींमुळे.

कतरिनानंतर सुमारे साडेचौदा अब्ज डॉलर खर्चून नवी संरक्षण यंत्रणा उभी राहिली. तीन कालव्यांच्या तोंडाशी दरवाजे आणि प्रचंड पंप बसले, ते २०१८ मध्ये पूर्ण झाले. आमच्या काठाचे तटबंध उंच झाले, त्यांच्या पायथ्याशी दगडांचा थर आला. हे सगळं हवंच होतं. २०२१ मध्ये, कतरिनाच्याच तारखेला, आयडा आलं तेव्हा तटबंधांच्या आतलं शहर तलावाच्या पाण्यापासून वाचलं. तटबंधाबाहेरच्या लाप्लास गावात मात्र तलाव लोकांच्या घरात शिरला.

पण याची किंमत तलावानेही दिली. तलाव इतका उथळ, की दगड घेऊन येणाऱ्या बार्जना काठापर्यंत पोचायला तळ खणून वाट करावी लागते. खणलं की गाळ उठतो, पाणी गढूळ होतं, तळाच्या शिंपल्या गाडल्या जातात. या शिंपल्यांनी आधीच खूप सोसलं आहे: १९३० च्या दशकापासून रस्त्यांच्या भरावासाठी इथे शिंपले उपसले जात होते. लोकांनी रेटा लावला तेव्हा १९९० मध्ये उपसा बंद झाला आणि तलाव हळूहळू सावरला. पूर्वेच्या अर्ध्या तलावात गल्फ स्टर्जन हा संरक्षित मासा आहे, उन्हाळ्यात मॅनेटी, म्हणजे समुद्रगायी, येतात. शिवाय तटबंधाला लागते चिकणमाती, आणि ती कुठून तरी खणावीच लागते. त्या खाणींसाठी नदीकाठचं सखल जंगल तुटलं.

हे मला ठाऊक आहे कारण कोअरला ते लिहून द्यावं लागलं. काठाच्या प्रत्येक टप्प्याचा वेगळा पर्यावरण अहवाल, त्यात पर्याय, नुकसान, भरपाई, आणि लोकांना मत द्यायला तीस दिवस. घाईचं काम म्हणून २००७ मध्ये नेहमीच्या प्रक्रियेतून खास सवलत मिळाली होती, तरी इतकं करावं लागलं. ती सवलत महागात पडली असं माझं मत आहे. तुकड्या-तुकड्यांत बघितलं की प्रत्येक नुकसान किरकोळ दिसतं, आणि सगळ्याचं एकत्रित चित्र मांडणारा दस्तऐवज आला तो भिंती बहुतांशी उभ्या राहिल्यावर. नुकसानीची भरपाई म्हणून तयार करायच्या पाणथळ जागांची कामं तर त्याहून कितीतरी मागे रेंगाळली. मधल्या वर्षांत मासे कुठे वाढले, पक्षी कुठे गेले, याचं उत्तर कोणी देत नाही.

आता लाप्लासच्या बाजूला नवा तटबंध होतो आहे. त्याची भरपाई म्हणून शेजारच्या मॉरपास तलावाकाठच्या मरू घातलेल्या सायप्रस दलदलीत मिसिसिपीचं गोडं पाणी सोडायचं ठरलं. तटबंध आणि दलदल एकाच हिशेबात धरली गेली, हे मला फार मोलाचं वाटतं. कारण ती दलदलसुद्धा लाट अडवते.

मुंबईचं दुखणं याहून वेगळं नाही. भरतीच्या वेळी समुद्र नाल्यांतून उलटा येऊ नये म्हणून ब्रिमस्टोवॅडमध्ये, म्हणजे पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याच्या पालिकेच्या योजनेत, आठ पंपिंग स्टेशनं ठरली, हाजी अलीपासून गझधरबंधपर्यंत सहा चालू झाली, माहुल आणि मोगरा मागे राहिली. तलावाकाठच्या पंपांचं तत्त्वही हेच. ही राहिलेली स्टेशनं लवकर व्हावीत, मिठीकाठच्या क्रांतीनगरमधल्या माणसाला दर जुलैत सामान माळ्यावर चढवायला लागू नये, यात मला तिळमात्र शंका नाही. पण मिठीच्या भिंतींचं काम झालं तेव्हा कुठल्या टप्प्यात किती काठ गेला, भरती पसरायची जागा किती उरली, गाळ कुठे टाकला, हे कुर्ल्याच्या माणसाला मराठीत वाचायला मिळालं का? माझ्या भावाने शोधलं, त्याला सापडलं नाही.

लोकांना विचारलं की काम अडतं, ही भीती मुंबईत फार बोलली जाते. वरळीच्या कोळ्यांनी कोस्टल रोडच्या पुलाच्या दोन खांबांत साठ मीटर अंतर पुरणार नाही, होड्या आदळतील, म्हणून लढा दिला. अंतर १२० मीटर झालं, आणि रस्ताही झाला. त्या पाण्याचं ज्ञान त्यांच्याकडे होतं, सल्लागारांच्या नकाशात नव्हतं. माहुलच्या खाडीतले कोळीही भरती-ओहोटी तशीच जाणतात.

इथली जमीन खचते. कोअरने २०१९ मध्येच सांगितलं, की तटबंध पुन्हा उंच केले नाहीत तर ठरलेलं संरक्षण काही वर्षांत अपुरं पडेल. म्हणजे पुन्हा माती, पुन्हा दगड. मी कोअरला माझं मत लेखी पाठवलं आहे, त्यात दोनच गोष्टी विचारल्या: ही माती कुठल्या जंगलाखालून येणार, आणि मागच्या वेळी कबूल केलेली पाणथळ जागा किती एकर प्रत्यक्ष उभी राहिली. भाऊ हेच प्रश्न माहुलसाठी माहितीच्या अधिकारात टाकतो आहे, माती आणि जंगलाच्या जागी गाळ आणि खारफुटी घालून.