रिव्ह्यू पेपर लिहायचाय? मग पेपर वाचायचे कशाला?

प्रयोग फसलाय, ग्रोथ चेंबर मधेच बंद पडून रोपं करपली, ट्रान्सजेनिक लाईनचं (बाहेरून जीन घातलेल्या रोपांचं) बी अजून तयार नाही, आणि वर्षाच्या अहवालात पब्लिकेशनचा रकाना तर भरायचाय... असं झालं की घाबरायचं नाही, सरळ रिव्ह्यू पेपर, म्हणजे इतरांच्या छापील संशोधनाचा आढावा, लिहायला घ्यायचा. बी नको, माती नको, आरएनए काढायला नको, "तीन रेप्लिकेट कमी पडतात, आणखी नमुने घ्या" म्हणून डोकं खाणारं कुणी नको. दुसऱ्यांनी वर्षानुवर्षं राबून केलेलं काम समोर पडलेलंच आहे, आपण फक्त आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायचं.

आणि जर्नलनाही रिव्ह्यू हवेच असतात बरं का, त्यात उगीच लाजू नका. रिव्ह्यू साध्या रिसर्च पेपरपेक्षा जास्त साईट होतात, म्हणजे इतर लेखांत त्यांचा संदर्भ जास्त दिला जातो, आणि जर्नलचा भाव ठरवणारा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे शेवटी काय, मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा किती सायटेशन मिळाली भागिले ते लेख किती होते, झालं. (हा आकडा आधी तीन दशांश स्थळांपर्यंत छापायचे, २०२३ पासून एकाच स्थळावर आणला, त्यामुळे "आमचं ४.२२४ आणि त्यांचं फक्त ४.२१७" असं सांगत फिरणाऱ्यांची फारच पंचाईत झाली.)

विषय निवडताना एकच पथ्य पाळा, प्रश्न नसलेला विषय घ्या. प्रश्न असला की उत्तर द्यावं लागतं आणि उत्तर दिलं की कुणीतरी दुखावतं. त्यापेक्षा "अबायोटिक स्ट्रेस टॉलरन्समध्ये अमुकतमुकची भूमिका : रिसेंट ॲडव्हान्सेस अँड फ्युचर प्रॉस्पेक्ट्स" हा साचा घ्या (अबायोटिक स्ट्रेस म्हणजे दुष्काळ, खारेपणा, उष्णता असले ताण), अमुकतमुकच्या जागी सिलिकॉन टाका, नॅनोपार्टिकल टाका, मेलाटोनिन (आपल्या झोपेचं संप्रेरक) टाका. मेलाटोनिन वनस्पतींमध्ये असतं हे १९९५ मध्ये दाखवलं गेलं, त्यानंतर त्याच्यावर इतके रिव्ह्यू आलेत की आता रिव्ह्यूंचा रिव्ह्यू लिहिता येईल, तुम्हीच लिहा. गेल्या वर्षी नेमक्या याच विषयावर दुसऱ्या कुणाचा रिव्ह्यू आला असेल तर त्याचा उल्लेख टाळा, संपादकाला काय कळतंय.

जर्नल कोणतं हे आधी ठरवू नका, आधी पंधरा हजार शब्द लिहून काढा. काही जर्नल म्हणतात की रिव्ह्यू लिहिण्याआधी पानभर प्रस्ताव पाठवा, तुमचा मुद्दा काय ते सांगा, आणि ॲन्युअल रिव्ह्यू ऑफ प्लांट बायॉलॉजीसारखी १९५० पासूनची मंडळी तर मुळात निमंत्रण देऊनच लेख मागवतात. पण नियम म्हटला की अपवाद आलाच आणि तो अपवाद म्हणजे आपण, हा आत्मविश्वास हवा. न्यू फायटॉलॉजिस्टमध्ये टॅन्सली रिव्ह्यू नावाचा प्रकार असतो, तिथे पाठवत असाल तर कव्हर लेटर खुशाल "डिअर डॉक्टर टॅन्सली" अशी सुरुवात करून लिहा. आर्थर टॅन्सली यांनी ते जर्नल १९०२ मध्ये काढलं, "इकोसिस्टिम" हा शब्द १९३५ मध्ये त्यांनीच रूढ केला आणि १९५५ मध्ये ते वारले, पण एवढी चौकशी करत बसायला वेळ कुणाला आहे. कव्हर लेटरमध्ये शेवटच्या ओळीत मागच्या वेळी नाकारणाऱ्या जर्नलचं नाव तसंच राहू द्या, म्हणजे संपादकाला कळतं की तुमच्या लेखाला बाहेर किती मागणी आहे.

आता पहिलं वाक्य. यात सर्जनशीलता अजिबात दाखवायची नाही. "२०५० पर्यंत जगाची लोकसंख्या ९७० कोटींवर जाणार आहे", हे लिहायचं आणि पुढे. संयुक्त राष्ट्रांचाच अंदाज आहे, चूक कुणी काढू शकत नाही. लेख शेवाळाच्या मूलाभांवर असो नाहीतर परागकणाच्या भिंतीवर, ९७० कोटी आलेच पाहिजेत. त्यामागोमाग हवामान बदल, मग हरितक्रांती, मग "देअरफोर" आणि धाडकन तुमचं प्रोटीन. मधले दुवे वाचकाने आपले आपण जोडावेत, तो सुज्ञ असतो.

मग येतं वाचन. इथे बरेच होतकरू लोक वाया जातात कारण ते खरंच पेपर वाचायला लागतात. असं करू नका हो. टायटल आणि ॲब्स्ट्रॅक्ट पुरे. मेथड्स, म्हणजे प्रयोग कसा केला तो भाग, वाचायला गेलात की गोची झालीच म्हणून समजा. उदाहरणार्थ ॲब्स्ट्रॅक्ट म्हणतो की अमुक जीन ओव्हरएक्स्प्रेस केल्यावर (नेहमीपेक्षा जास्त चालवल्यावर) अरॅबिडॉप्सिस, हे प्रयोगशाळेतलं नेहमीचं छोटं रोप, दुष्काळ सहन करतं. छान, सोपं, साईट केलं, पुढचा पेपर. पण चुकून मेथड्स उघडलंत तर दिसणार की प्रत्येक रोप वेगळ्या कुंडीत होतं, पाणी सगळ्यांचं एकाच दिवशी तोडलं, आणि ट्रान्सजेनिक रोपं मुळातच खुजी होती, पानं इवलीशी, बाष्पोत्सर्जन कमी. म्हणजे शेजारच्या कुंडीतल्या धष्टपुष्ट वाइल्ड टाइपने (जीन न बदललेल्या साध्या रोपाने) आपल्या वाटणीचं पाणी केव्हाच संपवलं आणि हे खुजं अजून ओल्या मातीत बसलंय. मग फोटो काढला, एक वाळलेलं एक हिरवं, झालं टॉलरंट. दुष्काळ त्या खुज्या रोपाने पाहिलाच नाही! दोन्ही कुंड्यांतला मातीचा ओलावा मोजला होता का, हा प्रश्न मनात आला की लगेच लॅपटॉप बंद करा, चक्कर मारून या. कारण हा प्रश्न एकदा विचारायला लागलात की तुमच्या तीनशे रेफरन्सपैकी किती शिल्लक राहतील सांगता येत नाही, आणि रिव्ह्यूची लांबी हीच तर रिव्ह्यूची इज्जत.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे मूळ पेपरपर्यंत जायचंच नाही, मधल्या रिव्ह्यूवरून उचलायचं. मूळ पेपरात असतं की तंबाखूच्या पानात तात्पुरतं एक्स्प्रेशन करून (जीन थोडा वेळ चालवून) प्रोटीन न्यूक्लियसमध्ये, म्हणजे पेशीच्या केंद्रकात, गेलेलं दिसलं. पहिला रिव्ह्यू लिहितो, हे प्रोटीन स्ट्रेस सिग्नलिंगमध्ये असावं. दुसरा "असावं" काढून टाकतो. तिसरा त्यात "पिकांमध्ये" घालतो. चौथे तुम्ही, तुम्ही लिहायचं की उत्पादनवाढीसाठी हा जीन अत्यंत आश्वासक आहे, आणि खाली रेफरन्स मात्र मूळ पेपरचा द्यायचा म्हणजे वाचल्यासारखं दिसतं. मूळ लेखकाला स्वतःचा शोध ओळखू आला नाही तरच तुमचं काम चोख झालं.

दोन पेपर एकमेकांच्या विरुद्ध निघाले तर? एक म्हणतो एबीए (वनस्पतीचं ताणाच्या वेळचं संप्रेरक) वाढतं, दुसरा म्हणतो कमी होतं. एकात पूर्ण वाढलेली पानं, दुसऱ्यात रोपं, एकात सहा तास, दुसऱ्यात सहा दिवस, हे बघून कोणता निष्कर्ष कुठे लागू होतो ते सांगणं हे खरं रिव्ह्यूचं काम, असं काही जुन्या वळणाचे लोक मानतात. तुम्ही "इंटरेस्टिंगली" म्हणून पहिला पेपर लिहा, "हाउएव्हर" म्हणून दुसरा लिहा, "फर्दर रिसर्च इज नीडेड" म्हणून परिच्छेद बंद करा. अळीमिळी गुपचिळी. या दोघांपैकीच एकजण तुमचा रिव्ह्यूअर (छापण्याआधी लेख तपासणारा) असणार आहे हे कायम ध्यानात असू द्या.

टेबल मात्र दणदणीत हवं, आठ पानं तरी. वनस्पती, स्ट्रेस, डोस, परिणाम, रेफरन्स असे रकाने. डोस एका ओळीत मायक्रोमोलर, दुसरीत मिलिग्रॅम प्रति लिटर, तिसरीत नुसतं "फवारणी", एका मापात आणायच्या फंदात पडू नका, मग तुलना करता येईल आणि तुलना म्हणजे पुन्हा मत आलं. परिणामाच्या रकान्यात सगळीकडे "वाढ", "वाढ", "वाढ". काहीच फरक पडला नाही असं लिहिलेले पेपर तसेही कमी छापले जातात, जे छापलेत ते तुम्ही गाळा. हे टेबल कुणी वाचत नाही, त्याला आठ पानं फक्त आदराने स्क्रोल करतात.

लेखाला "सिस्टिमॅटिक" म्हणायची हौस असेल तर प्रिझ्मा नावाची २७ मुद्द्यांची चेकलिस्ट आहे, २०२० मध्ये सुधारलेली, ती जोडा. कुठे शोधलं, कोणते शब्द टाकले, किती पेपर का गाळले ते त्यात सांगायचं असतं. खरं उत्तर "सर्च इंजिनचं पहिलं पान" असलं तरी बाण काढून चौकटीत लिहिलं की शास्त्रीय दिसतं.

फिगरचं काय सांगू, पळसाला पानं तीनच. मधे हिरवी पेशी, वर सूर्य, बाजूला मिठाचे खडे आणि थर्मामीटर, मेम्ब्रेनमध्ये रिसेप्टर, तिथून कॅल्शियम, मग आरओएस (ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू), मग एमएपीके (संकेत पुढे नेणारी एन्झाइम), मग न्यूक्लियसमध्ये डब्ल्यूआरकेवाय, एमवायबी, एनएसी, बीझिप ही जीन चालूबंद करणारी नेहमीची मंडळी, आणि तळाला ठळक अक्षरात "स्ट्रेस टॉलरन्स". कोणता बाण कोणत्या वनस्पतीतल्या कोणत्या प्रयोगातून आला हे लिहू नका. शंका असेल तिथे बाणाला दोन्हीकडे टोकं काढा, कुठल्यातरी एका बाजूला तुम्ही बरोबर असालच. दुसऱ्याच्या पेपरातली फिगर रंग बदलून घेतली तर परवानगी लागते म्हणतात, "मॉडिफाइड फ्रॉम" लिहा आणि देवाचं नाव घ्या.

नावं लिहिण्याची एक भानगड आहे तेवढी सांगतो. अरॅबिडॉप्सिसमध्ये जीन कॅपिटल आणि तिरका, म्युटंट स्मॉल आणि तिरका, प्रोटीन कॅपिटल पण सरळ. मक्यात जीन स्मॉल आणि तिरका. यामुळे वाचणाऱ्याला कळतं की तुम्ही जीनबद्दल बोलताय, प्रोटीनबद्दल की ते बिघडलेल्या रोपाबद्दल. म्हणूनच सगळा मजकूर सिलेक्ट करून तिरका करा, नाहीतर सगळा सरळ. तुमचं तुम्हाला तरी कुठे ठरवता आलंय कशाबद्दल बोलताय ते.

एवढंही जमत नसेल तर चॅटबॉट आहेच. तो मत देत नाही, कुणाला दुखवत नाही, रिव्ह्यूसाठी जन्मलेलाच म्हणा ना. रेफरन्स कमी पडले तर नवे तयार करून देतो, लेखक खरे, जर्नल खरं, वर्ष शोभेल असं, फक्त पेपर तेवढा अस्तित्वात नसतो. आणि हे पाप काही त्याने सुरू केलं नाही. एका प्रकाशकाने रेफरन्स कसा लिहावा याचा नमुना म्हणून एक काल्पनिक पेपर सूचनांमध्ये छापला होता, २००० सालचा दाखवून, तो पुढे शेकडो लेखांत साईट झाला. तसंच ते "व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी". असं कुठलंच तंत्र नाही. १९५० च्या दशकातल्या एका जुन्या पेपरात एका कॉलममध्ये "व्हेजिटेटिव्ह" होतं, शेजारच्या कॉलममध्ये "इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी", स्कॅन करताना दोन्ही एका ओळीत आले, आणि आता ते तंत्र वापरलेले पेपरसुद्धा सापडतात! वनस्पतीशास्त्राच्या लेखात तर ते इतकं शोभून दिसेल की कुणी हटकणार नाही. रेफरन्सच्या सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या पेपरवर लाल खूण येऊन "मागे घेतलेला" असं दिसलं तर ती खूण बंद करायचीही सोय असते.

लेखकांची यादी सढळ हाताने करा. योगदानाच्या १४ अधिकृत भूमिका आहेत, त्यात "डेटा क्युरेशन" आहे, "इन्व्हेस्टिगेशन" आहे, प्रयोग एकही नसला तरी वाटून टाका. ज्यांनी लेख उघडूनही पाहिला नाही त्यांना "सुपरव्हिजन".

पोर्टलवर रिव्ह्यूअर सुचवायला सांगतात तिथे मित्रांची नावं द्या, ओळख नाही असं भासवून. पण त्यांच्या नावाने खोटे ईमेल काढून स्वतःच अभिप्राय लिहायच्या भानगडीत नको, २०१५ मध्ये एका प्रकाशकाने त्यापायी ४३ पेपर एका दमात मागे घेतले. हायलाइट्स, म्हणजे लेखातले ठळक मुद्दे, प्रत्येकी ८५ कॅरॅक्टरमध्ये मागतात, स्पेस धरून. पंधरा हजार शब्दांत जो मुद्दा सापडला नाही तो ८५ अक्षरांत कुठून आणायचा, म्हणून टायटलचेच तुकडे करून टाका.

मग बरेच महिने भिजत घोंगडं, आणि एके दिवशी रिव्ह्यूअर दोनचं पत्र : लेख म्हणजे नुसती जंत्री आहे, चिकित्सक विश्लेषण नाही. खचू नका. "वी थँक द रिव्ह्यूअर फॉर दिस इनसाइटफुल कॉमेंट" लिहा, शेवटी "क्रिटिकल ॲनालिसिस" नावाचं हेडिंग टाका, त्याखाली जुनेच चार परिच्छेद "क्रिटिकली" हा शब्द पेरून चिकटवा. त्याच पत्रात त्याने स्वतःचे सहा पेपर साईट करायला सांगितले असतील, ते आधी करा, सहाच्या सहा, हवं तर आठ करा.

छापून आला की पंधरवड्यात तुम्हालाच ईमेल येईल, या विषयातले तज्ज्ञ म्हणून कुणाचा तरी मेलाटोनिनवरचा रिव्ह्यू तपासून द्याल का. लगेच हो म्हणा. उघडून बघायची गरज नाही, अभिप्राय तयारच आहे, नुसती जंत्री आहे, चिकित्सक विश्लेषण नाही, आणि खालील पेपर साईट करणे आवश्यक.