ईकोचा अलार्म आणि रिमोट स्टार्ट: एक स्टार दिलेल्या दादांना आमचं उत्तर

दादा, नमस्कार.

रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला आणि सोमवारी दुकान उघडल्यावर पोरांना बसवून मोठ्याने वाचून दाखवला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मारुती ईको व्हॅनला अलार्म, सेंटर लॉक आणि रिमोट स्टार्ट बसवायला 14,500 रुपये मोजले. अलार्म रात्री दोनला बोंबलतो आणि गल्ली तुमच्या दारात येते. गाडी तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. रिमोट दहा वेळा दाबला तर सात वेळा इंजिन लागत नाही. तिसऱ्या चावीचे पैसे उगाच लावले. आणि वायरी कापल्यामुळे सर्व्हिस सेंटरने वॉरंटीला नकार दिला. शेवटी 'लुटारू' लिहिलंय. तेवढा शब्द सोडून बाकी सगळ्याचं उत्तर देतो. हे शनिवारीच तोंडी सांगणार होतो, पण गाडी न्यायला तुमचे भाऊ आले आणि ते घाईत होते.

सायरनची चूक आमची. डावीकडच्या सरकत्या दरवाजाच्या पिन स्विचला (दार उघडं की बंद ते सांगणारं बटण) अलार्मची वायर जोडताना आमच्या पोराने नुसता पीळ दिला आणि वर टेप मारली. सोल्डर नाही, स्लीव्ह नाही. हा स्विच अर्थवर काम करतो, म्हणजे वायर बॉडीला टेकली की अलार्मच्या डब्याला वाटतं दार उघडलं. तुम्ही दिवसभर क्रेट चढवता-उतरवता, दरवाजा आपटतो, टेप सरकली आणि तार उघडी पडली. रात्री रस्त्यावरून डंपर गेला की गाडी हलायची आणि तार बॉडीला शिवायची. त्यात धक्का ओळखणारा शॉक सेन्सर आम्ही गरजेपेक्षा तिखट ठेवला होता. शनिवारी सगळे जोड उघडून सोल्डर केले, सेन्सर दोन काटे खाली आणला. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत निवासी भागात आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे, आपला सायरन तिच्या कितीतरी पुढे जातो. शेजाऱ्यांचा राग रास्तच होता. त्यांची माफी मागायला मी स्वतः यायला तयार आहे.

बॅटरीत मात्र अर्धा वाटा तुमचाही आहे. बॅटरीची निगेटिव्ह सोडवून मध्ये मीटर लावला, आतला दिवा बंद राहावा म्हणून दाराचं लॉक स्क्रूड्रायव्हरने मिटवलं आणि अर्धा तास गाडीला हात लावला नाही. मीटरवर 0.41 अँपिअर. बंद गाडीला हे फार झालं. मग एकेक फ्यूज काढत गेलो. अलार्मचा फ्यूज काढला तर फक्त 0.02 ने कमी झालं. शेवटी मागच्या सीटखाली वजनकाट्यासाठी बसवलेला छोटा इन्व्हर्टर सापडला, थेट बॅटरीवर जोडलेला आणि चालूच. तो सोडवला आणि काटा 0.05 वर आला. आता हिशेब करा. 0.41 अँपिअर गुणिले 72 तास म्हणजे साधारण 30 अँपिअर-अवर, आणि बॅटरी आहे 35 ची. तिसऱ्या दिवशी सेल्फ फिरणार कुठून? इन्व्हर्टर काढल्यावर हेच नुकसान दिवसाला जेमतेम सव्वा अँपिअर-अवर होतं. यात माझी चूक एवढी, की काम हातात घेण्याआधीच मीटर लावायला हवा होता. गिऱ्हाइकाच्या गाडीत आधीपासून काय काय लटकवलंय ते न बघता वर आपला डबा जोडायचा आणि मग भांडत बसायचं, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे. आता अलार्मच्या प्रत्येक गाडीला आधी मीटर लागेल.

आता रिमोट स्टार्ट. इथे मी तुमच्याशी सहमत नाही आणि होणारही नाही.

तुमची ईको मॅन्युअल गिअरची आहे. ऑटोमॅटिक गाडी पार्कमध्ये असली की सेल्फ मारल्याने जागची हलत नाही. मॅन्युअल गाडी पहिल्या गिअरमध्ये असेल आणि क्लच दाबलेला नसेल, तर सेल्फची मोटर एकटीच तिला पुढे ढकलते. तेवढ्यात इंजिन लागलं की गाडी चालू पडते, सीटवर माणूस नसताना. 2016 साली आमच्याच दुकानात हे झालं. एका जुन्या व्हॅनला स्वस्तातला किट बसवला होता, गिअरची कुठलीही अडवणूक नसलेला. पोराने बाहेरून रिमोट दाबला आणि व्हॅन समोरच्या शटरमध्ये घुसली. शटरपुढे स्टुलावर बसणारा माणूस नशिबाने चहा आणायला गेला होता. त्या दिवसापासून न्यूट्रलची खात्री झाल्याशिवाय सेल्फला करंट जाणार नाही, अशीच जोडणी आम्ही करतो.

म्हणून तुम्हाला तो उतरायचा क्रम शिकवला होता: इंजिन चालू असतानाच गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, पायाखालचा ब्रेक सोडायचा, रिमोटचं बटण दाबायचं, चावी काढायची. इंजिन चालूच राहतं. तुम्ही उतरून सगळी दारं लावली आणि लॉक केलं की ते आपोआप बंद होतं. आता डब्याला खात्री आहे की गिअर न्यूट्रलला आहे आणि नंतर आत कुणी शिरलेलं नाही. यानंतर एकही दार उघडलं, हँडब्रेक सुटला किंवा हा क्रम चुकला, तर पुढच्या वेळी रिमोटने इंजिन लागणार नाही.

तुमचे भाऊ बोलता बोलता म्हणाले, घरासमोर उतार आहे, म्हणून गाडी रोज पहिल्या गिअरमध्ये उभी असते. दादा, दहातल्या सात वेळा इंजिन का लागत नाही, त्याचं उत्तर हेच. ज्या तीन वेळा लागलं, त्या दिवशी गाडी सपाटीवर असणार. उतारावर गिअरमध्ये गाडी लावायची तुमची सवय अगदी योग्य आहे, ती मोडू नका. पण ती सवय आणि रिमोट स्टार्ट एका गाडीत नांदणार नाहीत. शनिवारी फोनवर तुम्ही म्हणालात, 'ते न्यूट्रलचं लॉक काढून टाका, मी बघून घेईन.' ते मी करणार नाही. दुसरं कोणी पाचशे रुपयांत करून देईल, तरी करू नका.

खरं तर पहिल्याच दिवशी मी विचारायला हवं होतं की गाडी रात्री कुठे उभी असते. तुम्हाला पहाटे साडेतीनला मार्केट यार्डला निघायचं असतं, आंघोळ होईपर्यंत इंजिन गरम हवं, हे ऐकून मी हो म्हणालो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 126 प्रमाणे सार्वजनिक जागी गाडी उभी ठेवायची, तर सीटवर लायसन्सवाला माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा, किंवा गाडी आपोआप हलणार नाही याची सोय हवी. रस्त्यावर सीटवर कोणी नसताना इंजिन चालवायचं, तर सगळी भिस्त त्या न्यूट्रलच्या लॉकवरच. बंद शेडमध्ये तर मुळीच नको, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. शिवाय आपल्या हवेत पेट्रोल इंजिनला इतकं गरम करावं लागतही नाही. अर्धा मिनिट थांबा आणि सावकाश निघा.

तिसरी चावी. तुमच्या गाडीत इमोबिलायझर आहे, चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन लागत नाही. रिमोटने लावायचं तर एक चिप डॅशबोर्डच्या आत, बायपासच्या डब्यात ठेवावी लागते. बरेच जण गिऱ्हाइकाचीच दुसरी चावी आत पुरतात, पैसे वाचतात. पण उद्या गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते. एकच दिलीत तर क्लेम अडकतो. म्हणून नवी चिप कोड करून घेतली. त्याचे 2,600 बिलात वेगळे लिहिले आहेत, त्यावर एक रुपयाही कमावलेला नाही.

वॉरंटीचं सांगतो. चावीच्या स्विचमागची एकही वायर कापलेली नाही, तिथे मध्ये कपलर, म्हणजे न कापता जोडायचा प्लग, टाकला आहे. पिन स्विच आणि इंडिकेटरच्या वायरींना मात्र जोड दिले आहेत, आणि सर्व्हिस सेंटर बोट ठेवतं ते त्यावरच. अशा जोडांमुळे वॉरंटी अडू शकते, ही अट आमच्या बिलाच्या मागे बारीक अक्षरात होती. ॲडव्हान्स घेण्याआधी तोंडी सांगायला हवी होती. सांगितली नाही.

आणि एक. तुम्ही अलार्म घेतलात तो ईकोचे सायलेन्सर चोरीला जातात हे ऐकून. चोर खालून येतो, दाराला हात लावत नाही. त्याला हवी असते सायलेन्सरमधल्या धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधली प्लॅटिनम-पॅलेडियमची माती. शॉक सेन्सर कमी केल्यावर तो खालच्या पान्याच्या कामाला जागा होईलच असं मी छातीठोक सांगू शकत नाही. त्याला लोखंडी जाळीच हवी. ती आम्ही बनवत नाही, मागच्या गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडे मी सोबत येईन.

आता देण्याघेण्याचं. रिमोट स्टार्ट काढून घेतो, त्याचे 6,000 आणि चावीचे 2,600 परत. कपलर निघाला की चावीच्या स्विचचं वायरिंग पहिल्यासारखं होईल. अलार्म आणि सेंटर लॉक राहू द्या, जोडांची दोन वर्षांची जबाबदारी बिलावर लिहून देतो. इन्व्हर्टरला इग्निशनवरचा रिले लावतो, म्हणजे चावी बंद केली की तोही बंद होईल, त्याचे पैसे नाहीत. गुरुवारी दुकान बंद असतं, बाकी कुठल्याही दिवशी बाजार आटपून दुपारी या, दोन तासांचं काम आहे. दोन्ही चाव्या आणा, आतली चिप गाडीच्या मेमरीतून काढून टाकावी लागेल. आणि या वेळी स्वतः या, भावाला पाठवू नका.