टोपलीआधीचं काम

दुसऱ्या महायुद्धात, नेदरलंड नाझी जर्मनीच्या ताब्यात असताना, अ‍ॅमस्टरडॅमच्या एका पाळणाघरातून सहाशेच्या आसपास ज्यू मुलं वाचली. ही हकिकत सांगताना टोपलीत लपवलेलं बाळच सगळ्यांच्या तोंडी असतं. पण टोपली ही शेवटची पायरी. त्याआधीचं काम कागदावर आणि आईसमोर व्हायचं, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं याचं वाईट वाटतं.

१९४२ च्या उन्हाळ्यापासून होलांत्से स्खाउबुर्ख हे नाट्यगृह हद्दपारीआधी ज्यूंना कोंडायची जागा झालं. इथून लोक वेस्टरबोर्क छावणीत आणि तिथून पूर्वेकडच्या मृत्युछावण्यांच्या गाड्यांत जायचे. लहान मुलांना मात्र रस्त्यापलीकडच्या पाळणाघरात ठेवत. ते पाळणाघर हेन्रिएट पिमेंटेल या बाई चालवत.

मूल नुसतं पळवून भागत नसे. नाट्यगृहात त्याच्या नावाचं कार्ड असे. कुटुंबाची पाळी आली की मूल हजर हवंच, नाहीतर आईबाप अडकणार. म्हणून तिथे कारभार पाहणारे वाल्टर झ्युस्किंड आणि फेलिक्स हालव्हरस्टाट आधी नोंदच नाहीशी करत. मग आईबापांना विचारायचं. बरेच जण नाही म्हणाले. कामाच्या छावणीत निदान सगळे एकत्र राहू, अशी त्यांची आशा होती. त्यांना दोष देणाऱ्यांचा मला राग येतो. ज्या आईने हो म्हटलं, ती कधीकधी दुपट्यात बाहुली गुंडाळून ट्रकमध्ये चढायची, मोजणाऱ्याला बाळ दिसावं म्हणून.

पहारा नाट्यगृहासमोर असे. मधे ट्राम थांबली की पलीकडचं दिसायचं नाही. तेवढ्यात मूल घेऊन बाहेर पडायचं आणि ट्रामच्या आडोशाने चालायचं. दुसरी वाट मागच्या बागेतून, शेजारच्या अध्यापक विद्यालयात. तिथले योहान फान हुल्स्ट मुलं ताब्यात घेत आणि विद्यार्थ्यांचे गट त्यांना फ्रीसलंड, लिम्बुर्ख अशा दूरच्या प्रांतांकडे पोचवत.

ओळखपत्राची सक्ती पंधराव्या वर्षापासून होती, त्यामुळे लहान मूल बरोबर असलं तरी त्याचे कागद दाखवावे लागत नसत. अडायचं ते रेशनवर. लपलेल्या मुलाला कूपन नाही, आणि कूपनाशिवाय त्या घरी एक तोंड जास्त. प्रतिकार गटांनी रेशन कचेऱ्या लुटल्या त्या यासाठीही. तान्हं बाळ ठेवायला घर लवकर मिळे. चार-पाच वर्षांचं पोर खरं नाव बोलून जाई, म्हणून नवं नाव घोकून घ्यावं लागे. मुलग्यांची सुंता झालेली, तो धोका वेगळाच. शेजाऱ्याला संशय आला की रातोरात घर बदलायचं.

जुलै १९४३ मध्ये पिमेंटेल पकडल्या गेल्या आणि ऑशविट्झमध्ये मारल्या गेल्या. २९ सप्टेंबरला पाळणाघर रिकामं केलं गेलं. त्या वेळी फान हुल्स्ट यांना बारा मुलं नेता आली. तेरावं का नाही, हा प्रश्न त्यांना पुढे छळत राहिला. झ्युस्किंडही १९४५ मध्ये मरण पावले.

युद्ध संपल्यावर अनाथ मुलांचा ताबा कुणाचा, पाळणाऱ्या ख्रिस्ती घराचा की ज्यू नातेवाइकांचा, यावर नेदरलंडमध्ये कडवे वाद झाले आणि निर्णयासाठी सरकारला आयोग नेमावा लागला. वाचवण्याची हकिकत सांगताना हा भाग गाळू नये. कार्ड फाडून मूल वाचलं, पण त्याचं कुटुंब, नाव, धर्म शोधायला हाताशी कागदच उरला नव्हता, अशीही मुलं त्यात होती.